शेंगा फोडण्याआधी आकडा लिहा

तिसरी-चौथीच्या वर्गात अंदाज म्हणजे बहुतेक वेळा 'सांगा बरं किती?' एवढंच. दोन हुशार मुलं ओरडतात, बाकीची त्यांचीच री ओढतात. म्हणून अंदाज आधी वहीत लिहायचा, तोही पेनाने, आणि खाली एका ओळीत कारण. पेन्सिल दिली की उत्तर कळताच अंदाज खोडला जातो, मग तपासायला काही उरतच नाही. कारण मराठीत सुचत नसेल तर तेलुगू, कन्नडमध्ये सांगू द्या; सोलापूरच्या वर्गात ते समजावून देणारा कुणीतरी असतोच.

सुरुवातीला शेंगांसारखं साधन नाही. चार-चार मुलांच्या गटाला, न निवडता, १० भाजलेल्या शेंगा द्या. दाणे किती निघतील? '२०' हमखास येतं, कारण शेंगेत दोन दाणे असतात हे मुलांनी धरलेलंच असतं. फोडल्यावर एकदाणी, तीनदाणी, पोचट असं काहीही निघतं. पोचट शेंग धरायची की नाही हे फोडण्याआधी ठरवा, नाहीतर भांडणं. मोजून लिहून होईपर्यंत तोंडात एकही दाणा जायचा नाही. गेलाच, तर टरफलातल्या खळग्यांवरून हिशेब लावता येतो, म्हणून टरफलं टाकू नका. वर्गात कुणाला शेंगदाण्याचं वावडं असेल तर चिंचा आणि चिंचोके घ्या.

खरी गंमत दुसऱ्या फेरीत. आणखी १० शेंगा, नवा अंदाज. मघाशी १७ निघाले असतील तर कुणी १७ लिहितो, कुणी २० वरच अडून बसतो. दोघांचीही कारणं वाचून घ्या, 'शाब्बास' म्हणू नका. तुमचा चेहरा पाहून मुलं अंदाज बदलतात. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर मांडा आणि ५० शेंगांचं विचारा. आता '८० ते ९५' असं लिहायला परवानगी द्या. '० ते २००' लिहिणारा एक तरी निघतो. त्याला विचारा, 'तुझा अंदाज चुकेल कधी?'

शेंगांचा आकडा दर वेळी हलतो, काड्यांचा नाही. १२ सारख्या काड्या जोडून आयत करायचा. आत एक-एक काडी बाजूचे चौरस किती मावतील? काड्या तेवढ्याच, तर जागाही तेवढीच, असं बहुतेकांना वाटतं. करून पाहिलं की ५×१ मध्ये ५, ४×२ मध्ये ८, ३×३ मध्ये ९. ('बाई, चौरस आयत असतो का?' हा वाद होऊ द्या, असतो.) लगेच १६ काड्या द्या, पण हात लावण्याआधी सर्वांत मोठा आयत कोणता ते लिहून घ्या.