गळती शोधण्याचं काम : नागपुरातल्या नव्या प्लंबर पोरांसाठी

आयटीआयचा प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स केला की पाइप कापणं, आटे पाडणं, जोड बसवणं हाताला येतं. गळती शोधणं तिथं फारसं येत नाही. वर्कशॉपमधला पाइप डोळ्यांसमोर असतो, लोकांच्या घरातला टाइलच्या मागे. बेसा-मानेवाड्याकडे नवीन फिटिंगची कामं करणारे भरपूर सापडतील. भिंत न फोडता 'गळती इथं आहे' असं सांगणारे कमी. नव्या पोरांनी त्या दुसऱ्या कामाकडे वळावं असं माझं मत आहे.

ओल दाखवली की आधी छिन्नी काढू नका, विचारा: ओल कधी वाढते? दिवसरात्र सारखीच असेल तर संशय नळाच्या पाइपावर, कारण त्यात पाणी कायम दाबाखाली असतं. आंघोळी झाल्यावर वाढत असेल तर न्हाणी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचं भांडं), सांडपाण्याचा पाइप किंवा टाइलच्या सांध्यांवर. पावसानंतरच वाढत असेल तर गच्ची आणि बाहेरची भिंत पाहा. ते काम वॉटरप्रूफिंगवाल्याचं, ते आपल्या गळ्यात घेऊ नका. आणि नागपुरात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: कूलर कुठे लावला आहे? एप्रिल-मे मध्ये येणाऱ्या ओलीच्या तक्रारींत बऱ्याचदा खिडकीतल्या कूलरचा टब, त्याची भरायची नळी नाहीतर भिजलेल्या गवताचं भिंतीवर उतरणारं पाणी निघतं. कूलर एक दिवस कोरडा ठेवायला सांगा. प्लंबरचा हात न लागताच केस सुटते, तरी शोधण्याचे पैसे मागायला लाजू नका.

आता मीटर. घरातले सगळे नळ बंद करून मीटरची बारीक चकती पाहायची, फिरत असेल तर कुठेतरी पाणी जातंय, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत पेंच-कन्हानचं पाणी आधी खालच्या टाक्यात पडतं, मग मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून बाथरूम-किचनला उतरतं. मीटर बोलतं ते फक्त टाक्यापर्यंतच्या लाइनबद्दल. टाकीच्या खालची लाइन फुटली असली तरी मीटर गप्पच राहणार. त्या लाइनसाठी रात्री टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करायची, मोटर आणि सगळे नळ बंद ठेवायचे, सकाळी पाहायचं. पातळी उतरली, तर पुढच्या रात्री टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा पाहायचं. तरीही उतरली तर टाकी किंवा तिचा निपलच (टाकीला जोडलेला आखूड आट्याचा तुकडा) गळतोय. फ्लशची टाकी विसरू नका: तिच्यात खायचा रंग टाकायचा आणि फ्लश न करता थांबायचं. भांड्यात रंग उतरला तर आतलं वायसर गेलं.

मीटरच्या या गैरसमजावरून भांडणं होतात. मानेवाड्याकडच्या एका बिल्डिंगमध्ये खालच्या फ्लॅटचं छत ओलं झालं होतं. वरच्या काकू दारातच म्हणाल्या, "आमचं मीटर फिरून नाही राहिलं जी, पाहून घ्या. मंग गळती आमची कशी?" खालचे भाऊ म्हणत होते, "पूर्ण बाथरूम फोडून टाका, खर्च त्यांचा." मी काकूंना एवढंच सांगितलं की बाथरूमचं पाणी वरच्या टाकीतून येतं, मीटरला त्याचा पत्ता नसतो. मग त्यांच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला, शॉवरच्या तोंडाशी टेस्ट पंप (लाइनीत पाण्याचा दाब भरून काट्यावर दाखवणारा हातपंप) जोडला आणि दाब दिला. काटा तासभर जागचा हलला नाही, म्हणजे पाइप चांगला. नंतर न्हाणीच्या जाळीखालचं तोंड प्लगनं बंद केलं, फरशीवर बोटभर रंगीत पाणी साठवलं, पातळीला पेन्सिलची खूण केली आणि दोघांनाही संध्याकाळी या म्हटलं. संध्याकाळी पाणी खुणेच्या खाली गेलं होतं आणि खालच्या छतावर, ट्रॅपचा पाइप स्लॅबमधून बाहेर येतो नेमकं त्याच्या भोवती, लाल कडं उमटलं होतं. ट्रॅपभोवतीची एक टाइल काढली, पोकळ झालेला माल खरवडला, न आकसणाऱ्या ग्राउटनं भरला, सांधे बुजवले. बाथरूम शाबूत राहिलं. काकूंनी चहा दिला, खालच्या भाऊंनाही बोलावून.

टेस्ट पंपाबद्दल थोडं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला). टाकी डोक्यावर एक मजला असेल तर नळाला जेमतेम पाव-अर्धा किलो मिळतो, आणि तेवढ्यावर बारीक गळती लपून राहते. लोक प्रेशर पंप बसवतात आणि त्याच आठवड्यात भिंत ओली होते. दोष पंपाचा नसतो, जोड आधीपासूनच कच्चा असतो. सीपीव्हीसीची (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपाची) नवीन लाइन भिंत बुजवण्याआधी दहा किलोवर तासभर धरून पाहतात. जुन्या लाइनला मात्र इतका दाब देऊ नका, रोजच्या दाबाच्या दीडपट पुरे. आणि हवेनं टेस्ट कधीच नाही. दाबलेल्या हवेखाली प्लास्टिकचा पाइप फुटला तर तुकडे उडतात.

दुरुस्तीत आपल्या उन्हाचा हिशेब धरावा लागतो. सीपीव्हीसीचा तीन मीटरचा पाइप तीस अंशांच्या फरकानं जवळपास सहा मिलिमीटर लांबतो. गच्चीवर दोन्ही टोकं सिमेंटमध्ये घट्ट बांधली की तो वाकतो आणि एल्बोशी (कोपऱ्यावरच्या जोडाशी) ताण येतो. क्लॅम्प सैल ठेवा, पाइपाला सरकायला जागा द्या, उघड्या पाइपाला रंग किंवा आवरण द्या. सोलरच्या गरम लाइनला साधा यूपीव्हीसी, म्हणजे गार पाण्याचा पाइप, लावलेला दिसला तर गळती तिथंच शोधा. सॉल्व्हेंट सिमेंटचा डबा उन्हात उघडा ठेवला की जेलीसारखा होतो. तो पातळ करून वापरू नका, फेका. पाइप सरळ कापायचा, कडेचा भुसा काढायचा, पुसून पूर्ण कोरडा करायचा, सिमेंट लावून पाव फेरा फिरवत आत दाबायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा. लाइनीत थेंबभर पाणी उरलं असेल तर जोड धरत नाही, म्हणून खालचा नळ उघडून लाइन निथळू द्या. पितळी आट्यावर टेफलॉन जास्त गुंडाळून पाना मारला की फिटिंगला बारीक चीर जाते. ती आज दिसत नाही, महिन्याभरानं दिसते.

महाल-इतवारीच्या जुन्या घरांतली जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाची) लाइन वेगळं प्रकरण. एक सांधा फिरवला की शेजारचा आटा गंजून तुटून हातात येतो. पाना लावण्याआधीच घरमालकाला सांगा, "दादा, हा जोड उघडला तर शेजारच्या जोडापर्यंतचा तुकडा बदलावा लागू शकतो," आणि खर्चाचा अंदाज लिहून द्या. नंतर सांगितलेलं कोणी ऐकत नाही. तातडीला रबर आणि क्लिप चालते. "एमसील लावून द्या ना" हा आग्रह होईलच. तो तात्पुरता उपाय आहे हे बिलावर लिहा. सामान लोहाओळीच्या बाजारात मिळतं, पण दोन-चार युनियन (खोलता येणारे जोड), एंड कॅप, प्लग आणि टॉर्च थैलीत कायम असू द्या.

भिंत फोडायची वेळ आलीच तर आधी त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा. ओल्या भिंतीत वायरिंगही असतं, गीझरचं तर नक्कीच.

पैशांचं म्हणाल तर शोधण्याचे वेगळे आणि दुरुस्तीचे वेगळे सांगा, तेही फोनवरच. पहिले काही लोक नाही म्हणतील. ज्यांनी आधी चुकीच्या जागी टाइल फोडून घेतल्या आहेत ते हो म्हणतील.

काम झाल्यावर खाच लगेच बुजवू देऊ नका. लाइन सुरू ठेवून एक रात्र उघडीच राहू द्या, सकाळी जोडावर कोरडा कागद फिरवून पाहा, मग मिस्त्रीला बोलवा. ओल गेली तरी डाग आणि लोणा लगेच जात नाही. मे महिन्यात भिंत लवकर सुकते, जुलैत आठवडे लागतात. रंगाऱ्याला तोवर थांबवून ठेवा. ओल्या भिंतीवर मारलेला रंग फुगला की फोन त्याला नाही, तुम्हाला येतो.