कुत्रीच्या प्रसूतीची सुरुवात : घाईच्या आणि उशिराच्या या चुका टाळा

घरातील कुत्री पहिल्यांदा विणार असली की, जिथे शांतपणे थांबायला हवे तिथे घरातली माणसे धावपळ करतात आणि जिथे खरोखर धावायला हवे तिथे ‘अजून थोडा वेळ पाहू’ म्हणत बसून राहतात. इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी पहिल्या खेपेला माझ्याकडून या दोन्ही चुका झाल्या आणि त्यात एक पिल्लू दगावले. त्यानंतरच्या प्रत्येक बाळंतपणात मी घड्याळ, थर्मामीटर आणि वही जवळ ठेवत आले आहे.

पहिली चूक दिवस मोजण्यात होते. मिलनाच्या तारखेपासून 63 दिवस मोजून त्याच दिवशी पिल्ले व्हावीत अशी अपेक्षा धरली जाते. परंतु नराचे शुक्रजंतू मादीच्या शरीरात कित्येक दिवस जिवंत राहत असल्यामुळे मिलनापासून मोजल्यास हा काळ 57 पासून 72 दिवसांपर्यंत कुठेही पडू शकतो. म्हणून तारखेपेक्षा तापमानावर अधिक विसंबावे. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी, टोकाला व्हॅसलीन लावलेल्या वेगळ्या डिजिटल थर्मामीटरने गुदद्वारातून तापमान घ्यावे आणि लगेच लिहून ठेवावे. एरवी ते 101 ते 102.5 अंश फॅरेनहाइट असते, शेवटच्या दिवसांत थोडे कमी राहते, आणि ते 99 च्या खाली उतरले की बहुधा चोवीस तासांच्या आत कळा सुरू होतात. दिवसातून एकदाच मोजणाऱ्यांच्या हातून ही घसरण सहज निसटते, कारण ती काही तासच टिकते.

पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचे तोंड उघडत असते, आणि बाहेरून मात्र काहीच पुढे सरकत नसल्यासारखे वाटते. कुत्री धापा टाकते, थरथरते, अंथरूण उकरते, खाणे नाकारते, एखादे वेळी ओकते, पुन्हा पुन्हा आपल्या मागच्या बाजूकडे पाहते. हे सहा ते बारा तास चालते आणि पहिलटकरणीत त्याहून अधिकही चालू शकते. नेमक्या याच वेळी माणसांचा धीर सुटतो. शेजारपाजारचे पाहायला येतात, मुले कौतुकाने भोवती बसतात, कोणी तिला उचलून दुसऱ्या खोलीत नेते. घाबरलेल्या कुत्रीच्या कळा थांबू शकतात, म्हणून तिच्या सवयीचे एकच माणूस जवळ असावे आणि तिची जागा किमान दहा दिवस आधी ठरलेली असावी. इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी दिवस रंगपंचमीच्या सुमारास भरत असतील तर गेरचा, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा, आवाज लक्षात घेऊन मागची खोली आधीच तयार करावी.

घरातल्या वडीलधाऱ्या बायका मायेपोटी एरंडेल किंवा सुंठ-गूळ सुचवतात. ती माया मला कळते, पण हे उपाय कुत्रीला करू नयेत. पाणी मात्र सतत जवळ ठेवावे. त्याहून घातक म्हणजे कळा वाढवण्याचे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन कोणाकडून तरी टोचून घेणे, कारण पिल्लू आडवे अडकलेले असेल तर त्या जोराने गर्भाशय फाटू शकते. गाभणपणात स्वतःच्या मनाने कॅल्शियमचे औषध पाजणे हीदेखील अशीच चूक आहे : बाहेरून भरपूर मिळाल्यामुळे हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याची शरीराची यंत्रणा मंदावते आणि पिल्ले दूध पिऊ लागल्यावर कुत्रीला झटके येण्याचा धोका उलट वाढतो.

येथून पुढे चूक होते ती उशिराची. कुत्री पोट आवळून जोर करू लागली की घड्याळातली वेळ लिहावी. तीस मिनिटे जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर आले नाही, किंवा पिल्ले शिल्लक असताना दोन तास काहीच घडले नाही, तर डॉक्टरांकडे निघावे. पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट-काळा स्राव दिसला तर तेवढाही वेळ थांबू नये, कारण वार (गर्भाशयात पिल्लाला प्राणवायू पुरवणारा भाग) सुटल्याची ती खूण असते आणि आतल्या पिल्लाचा प्राणवायू तुटत असतो. पहिले पिल्लू झाल्यानंतर तोच स्राव स्वाभाविक असतो. आमचे पिल्लू गेले ते हा फरक मला ठाऊक नव्हता म्हणून. पिल्लू मागच्या पायांकडून येणे मात्र कुत्र्यांमध्ये नेहमीचे आहे. त्यासाठी ओढाताण करू नये. पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लांची संख्या समजून घेतली असेल तर शिल्लक किती, हा प्रश्न रात्री दोन वाजता छळत नाही.

जन्मलेल्या पिल्लावरचा पडदा आईने लगेच फाडला नाही तर आपण फाडावा, तोंड-नाक पुसावे आणि खरखरीत टॉवेलने चोळावे. झोके देऊ नयेत, त्याने मेंदूला इजा होते. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री पिल्लांना फार जड जातात, कारण पहिल्या आठवड्यात त्यांना स्वतःची ऊब राखता येत नाही.

महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे, एवढ्या भरवशावर निर्धास्त राहू नये. रात्री कोण भेटते आणि सिझेरियन कुठे होते, हे दिवस भरण्याआधी विचारून फोन नंबर वहीत लिहून ठेवावेत. निघताना झालेली पिल्ले खोक्यात, टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीशेजारी ठेवून सोबत घ्यावीत, आणि एक जादा टॉवेल हाताशी ठेवावा, कारण गाडीच्या हादऱ्यांनी पुढचे पिल्लू कधीकधी वाटेतच येते.