मधपेटी थर्माकोलची घ्यावी की लाकडाची? आधी मे महिना डोळ्यासमोर आणा

शिवरात्र झाली, थंडी शिव शिव करत गेली, कांद्याचे डोंगळे फुलावर आले, टरबुजाचे वेल पसरले, आणि मधपेट्यांची विचारपूस सुरू झाली. यंदा बऱ्याच जणांचा एकच प्रश्न, भाऊ ती पांढरी थर्माकोलची पेटी कशी आहे, मोबाईलवर बघितली, हलकी आहे म्हणे, उन्हात तापत नाही म्हणे. खरंय, पण अर्धंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे बघा की टीव्हीच्या खोक्यात येतं ते थर्माकोल वेगळं आणि पेटीचं वेगळं. पेटीचं पॉलिस्टायरीन घट्ट असतं, घनमीटरला साधारण १०० किलोच्या आसपास, पॅकिंगचं १५-२० किलोचं. घेताना आतल्या कोपऱ्यात अंगठ्याचं नख जोरात दाबून बघा. नख सहज रुतलं आणि कड मोडल्यावर मणी सुटून हाताला चिकटायला लागले तर ती पेटी तिथंच ठेवा, कारण जे तुमच्या नखाने निघतं ते माश्या जबड्यांनी सहज कुरतडतात आणि सगळा भुगा दाराबाहेर आणून टाकतात. मासळीच्या नाहीतर औषधाच्या खोक्याची घरी पेटी बनवायचा उद्योग पण याच कारणासाठी करू नका.

आता उन्हाचं. थर्माकोलमधून उष्णता लाकडाच्या मानाने तीन-चार पट कमी जाते, वरून भिंत पण तीन-चार सेंटिमीटर जाड, लाकडाची फळी असते दोनेक सेंटिमीटर. फिनलंड-जर्मनीकडे ह्या पेट्या चालल्या त्या थंडीसाठी, आतली ऊब आत राहावी म्हणून. आपल्याकडे गणित उलटं, जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि आपल्याला बाहेरची आग बाहेर ठेवायचीय. भिंत तेच काम करते, धाब्याच्या घरात दुपारी जसं पत्र्याच्या घरापेक्षा बरं वाटतं तसंच. पण धाब्याला साणं (छतातला झरोका) लागतंच ना, ते बुजवलं तर माणूस आत उकडून निघेल. इथं पण तेच. माश्यांची स्वतःची ऊब असते, त्या पाणी आणून आत पसरवतात, पंखांनी वारा घालतात, आणि ती सगळी वाफ बाहेर जायला वाट पाहिजे. लाकूड थोडीफार ओल पिऊन घेतं, थर्माकोल अजिबात नाही. म्हणून थर्माकोलची पेटी घ्यायची तर तळाला जाळी असलेलीच घ्या, आणि होळीनंतर जाळीखालची सरकपट्टी काढून दार पूर्ण उघडं ठेवा. बंद तळाची पेटी कोणी फुकट दिली तरी आपल्याकडे नको.

हे सगळं कशासाठी, तर पिल्लांच्या कोठ्यात माश्यांना ३४-३५ अंश पाहिजे असतात, ना कमी ना जास्त. बाहेर ४५ झालं की मध आणणाऱ्या माश्या पाणी आणायला लागतात, म्हणजे तुमचा मध पण थांबला आणि टरबुजाचं परागीभवन पण थांबलं. मेण वितळतं ६२-६४ अंशांना, पण मधाने भरलेलं नवं पोळं त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून फ्रेममधून, म्हणजे पोळं धरणाऱ्या चौकटीतून, निसटतं. उघड्या उन्हात पत्र्याच्या झाकणाची लाकडी पेटी ठेवलेल्या लोकांना दुपारी चारला दारातून मध गळताना दिसतो तो असा, आणि खाली सापडलेल्या माश्यांचा चिखल होतो.

ओल्या गोणपाटाचं एक सांगतो, हे कोणी सांगत नाही. लाकडी पेटीच्या झाकणावर ओलं बारदान टाकलं की झाकण गार होतं आणि तो गारवा आत पोचतो, दुपारी दोनदा ओलं केलं तरी फरक पडतो. थर्माकोलच्या पेटीवर तेच बारदान टाकून काही उपयोग नाही, जी भिंत ऊन आत जाऊ देत नाही ती गारवा तरी कशी जाऊ देईल. तिथं बारदान नको, सावली आणि हवा पाहिजे.

आणि सावली तर दोघींना पाहिजे. माझं स्पष्ट मत, पेटी कशाचीही घ्या, निंबाच्या नाहीतर आंब्याच्या सावलीतली लाकडी पेटी उन्हातल्या थर्माकोलच्या पेटीपेक्षा केव्हाही बरी. झाड नसेल तर चार बल्ल्या ठोका, वर कपाशीच्या पऱ्हाट्या, उसाचं पाचट नाहीतर शेडनेट टाका, झाकणापासून हातभर वर, चिकटवून नाही. दार पूर्वेला, पश्चिमेची गरम झळ थेट आत नको. रावेर-यावल-चोपड्याकडे केळीच्या बागेच्या कडेला उन्हाळा काढणं सोपं जातं, तिथं हवा गार असते आणि केळफुलावर माश्यांना थोडंफार मिळतं पण (केळीला स्वतःला माश्यांची गरज नाही, तो गैरसमज काढून टाका). फक्त बागवाल्याशी फवारणीचं आधी बोलून घ्या. पाण्यासाठी ठिबकची एक लॅटरल पेटीजवळ न्या, एक ड्रिपर दगडावर नाहीतर गोणपाटावर थेंब थेंब पडत राहू द्या, माशी बुडत नाही. कडक उन्हात एक भरलेली वसाहत दिवसाला लिटरभर पाणी पण ओढते.

कोणती माशी पाळताय ते पण बघा. थर्माकोलच्या बहुतेक पेट्या लँगस्ट्रॉथ नावाच्या मोठ्या मापाच्या, म्हणजे मेलिफेराच्या (परदेशी माशी). सातेरीची (आपली देशी माशी) फ्रेम लहान, ती त्यात बसत नाही आणि बळजबरीने बसवली तर आजूबाजूला जागा राहते. फ्रेम आणि भिंतीमध्ये ६ ते ९ मिलिमीटर फट पाहिजे, जास्त झाली की माश्या तिथं आडवंतिडवं पोळं बांधतात आणि कमी झाली की डिंकासारखा प्रोपोलिस भरून चिकटवून टाकतात. सातेरी तशीही जरा काही बिनसलं की पेटी सोडून जाते, तिच्यावर प्रयोग नको, तिला लाकडीच ठेवा.

थर्माकोलच्या पेटीचा खरा फायदा उचल-ठेव करणाऱ्याला. डोंगळ्यावरून टरबुजावर, तिथून साक्रीकडे डाळिंबावर असं पेट्या फिरवणारे असाल तर पाठ वाचते, रिकामा खोका लाकडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचा. भरलेल्या पेटीत मात्र मधाचं वजन तेवढंच राहतं, तेव्हा जाहिरातीत एका हाताने उचलतात त्यावर जाऊ नका. आणि नेताना दार बंद केलं की वरचं झाकण काढून तिथं जाळी लावायचीच, फक्त रात्रीच निघायचं आणि उजाडायच्या आत पोचायचं. थर्माकोलच्या बंद पेटीत माश्या घाबरल्या की आतली उष्णता बाहेर पडायला जागाच नसते, पिकअप ढाब्यावर तासभर उभी राहिली तर सकाळी झाकण उघडून काय बघणार.

आता तिच्या खोड्या. धुराडं (माश्यांना धूर द्यायचं भांडं) चुकून झाकणावर ठेवलं की भोक पडलंच समजा. पेट्रोल-थिनर लागलं की विरघळते, म्हणून ऑइल पेंट नाही, पाण्यातला बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग द्यायचा आणि तो फक्त बाहेरून. बिनरंगाची ठेवली तर दोनेक उन्हाळ्यात पिवळी पडून पीठ सुटतं. पटाशीने लाकडासारखं खरवडायला गेलात तर कडा तुटतात, हळूच फिरवून फ्रेम सुटी करावी लागते. मुंग्या तर भिंतीतच घर करतात, उंदीर खालून कुरतडतात, त्यामुळे लोखंडी स्टँड आणि पायाखाली पाण्याच्या वाट्या ह्याला पर्याय नाही. रोग आलेली लाकडी पेटी ब्लो लँपने आतून तांबूस होईपर्यंत शेकली की काम झालं. थर्माकोलला आग दाखवता येत नाही, आधी खरवडून मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने घासायची, मग ब्लीचच्या पातळ पाण्याने. किचकट काम आहे. आणि फुटली की मणी बांधावर, तिथून पाटात, तिथून कुठं कुठं. जाळू पण नका, काळा धूर होतो.

लाकूड म्हणजे सगळं चांगलं असं पण नाही हो. उधई आहे, पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात तडकतं. सुताराकडून करून घेणार असाल तर वाळलेलंच लाकूड वापरायला लावा, ओल्या फळीची पेटी मे महिन्यापर्यंत तिरकी होते आणि वर सांगितलेली ती फट बिघडते, मग फ्रेमच उचलत नाही. साग टिकतो पण जड. बाहेरून जवसाच्या तेलाचा हात नाहीतर फिकट रंग, आतून काहीच नाही. चिरा आत्ताच बुजवा, मेणकिडा अशाच चिरांमध्ये अंडी घालतो.

नवीन माणसाने यंदा लाकडीच घ्यावी असं मी सांगेन. जुन्याने दहात एक-दोन थर्माकोलच्या करून बघाव्या, एकाच सावलीत शेजारी शेजारी, आणि उन्हाळाभर दुपारी दारात पंखा घालणाऱ्या माश्या कुठं जास्त दिसतात ते बघावं. बदली करायची तर आत्ता फुलोरा आहे तोवर, गुढीपाडव्याच्या आत, सकाळच्या गारव्यात, जुन्या जागेवरच नवी पेटी ठेवून फ्रेम त्याच क्रमाने आत घालायच्या आणि राणी कुठल्या फ्रेमवर आहे ते बघूनच उचलायची. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमाराला पेटी बदलू नका, त्या उन्हात पोळं हातात तुटतं.

मधकेंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आहे, पण त्यात कोणती पेटी बसते ते जिल्ह्याच्या खादी ग्रामोद्योग कार्यालयात विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

आणि वादळ. मे-जूनमध्ये केळी आडवी करणारा वारा येतो तेव्हा हलकी पेटी आधी उडते. प्रत्येक थर्माकोलच्या पेटीला कमरपट्ट्यासारखा नायलॉनचा पट्टा आवळून स्टँडला बांधा, वर दगड ठेवताना खाली फळी घाला, नाहीतर दगडाने झाकणाला खड्डा पडतो आणि पहिल्याच पावसात पाणी तिथंच साचतं.