या चुका टाळा: सीमेपार नेलेल्या ज्यू मुलांच्या नोंदी शोधताना

दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून वाचवण्यासाठी फ्रान्समधून चोरवाटांनी स्वित्झर्लंडला पोचवलेल्या ज्यू मुलांचा माग काढणारे बहुतेक जण पहिल्याच पायरीवर अडतात. खरं नाव टाकतात, काही सापडत नाही, आणि ‘नोंदच नाही’ म्हणून शोध सोडून देतात. पण त्या मुलाला नेमकं तेच नाव विसरायला शिकवलेलं होतं. त्यामुळे खोटं नाव आधी शोधायला हवं. खऱ्या नावाचंही एकच रूप धरू नका. श्वार्त्स हे आडनाव पोलिश कागदावर ‘एस-झेड’ने सुरू होतं, जर्मन कागदावर ‘एस-सी-एच’ने.

सगळ्यात मोठा घोळ वयात होतो. डिसेंबर १९४२ च्या स्विस सूचनेप्रमाणे १६ वर्षांखालच्या एकट्या मुलांना आणि ६ वर्षांखालचं मूल सोबत असलेल्या आईवडिलांना सहसा परत पाठवायचं नव्हतं. मग सतरा वर्षांचा मुलगा चौकीवर पंधराचा व्हायचा. एखादं परकं लेकरू कुणा जोडप्याच्या कडेवर दिलं जायचं. म्हणून कागदावरचं वय किंवा ‘मुलगा’ हे नातं तसंच्या तसं वंशावळीत उतरवू नका. त्या खोट्यानेच ते मूल वाचलं असेल.

जिनिव्हाच्या राज्य अभिलेखागारातल्या फायलीत ‘अटक’ हा शब्द दिसला की काळजात धस्स होतं. घाबरू नका. चोरून सीमा ओलांडणाऱ्याची तिथे नोंद अटक म्हणूनच व्हायची, आणि पुढे बहुतेकांना छावणीत आसरा मिळायचा. पुढचा निर्णय काय झाला ते वाचल्याशिवाय फाईल मिटू नका.

नाव हाती लागतच नसेल तर तारीख धरा. मुलं टोळीने नेली जात. त्याच दिवशी, त्याच गावाजवळ पकडलेल्यांच्या फायली काढल्या की आपलं मूल सोबत्यांमध्ये सापडू शकतं. त्यांना नेणाऱ्यांचीही नावं खोटी असत. मारियान कोन ‘मारी कोलँ’ या नावाने वावरत होती. ३१ मे १९४४ रोजी ती सीमेलगतच्या आनमास या फ्रेंच गावाजवळ मुलांसह जर्मनांच्या हाती सापडली. मुलं वाचली, तिला जुलैमध्ये ठार मारलं.

युद्धानंतरचे कागदही बघाच. जर्मनीतल्या बाड आरोल्सेन इथल्या, नाझींच्या बळींच्या नोंदी ठेवणाऱ्या संग्रहात हरवलेल्या मुलांच्या शोधाच्या फायली आहेत, आणि काही फायलींत मुलाचं खरं आणि खोटं नाव एकाच पानावर शेजारी शेजारी भेटतं.