मोलर द्रावण आणि अशुद्ध रसायन : वजनाच्या हिशेबातल्या या चुका टाळा

०.५ मोलर (म्हणजे लिटरमागे अर्धा मोल पदार्थ) म्हणून केलेलं द्रावण टायट्रेशनला, म्हणजे माहीत असलेल्या दुसऱ्या पदार्थाशी अभिक्रिया करून तपासायला लावलं आणि उत्तर आलं ०.३६. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय ब्युरेटवर किंवा इंडिकेटरवर जातो, आणि टायट्रेशन पुन्हा सुरू होतं. त्याआधी वहीतली आकडेमोड बघा. मिळालेल्या मोलॅरिटीला अपेक्षित मोलॅरिटीने भागलं, की चूक कुठली ते बहुधा त्या गुणोत्तरातूनच कळतं.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं उदाहरण घेऊ. त्याच्या बाटलीवर अनेकदा ८५ टक्के शुद्धता लिहिलेली असते. उरलेलं बहुतेक पाणीच. रेणुभार ५६.११, म्हणजे एक मोल ५६.११ ग्रॅमचा, आणि एक लिटर ०.५ मोलर द्रावणाला शुद्ध पदार्थ २८.०६ ग्रॅम लागतो. माल अशुद्ध आहे, तेव्हा तो जास्तच घ्यावा लागणार: २८.०६ भागिले ०.८५, म्हणजे ३३.०१ ग्रॅम.

शुद्धता विसरून २८.०६ ग्रॅमच घेतलं तर गुणोत्तर ०.८५ येतं. भागायच्या ऐवजी गुणलं, म्हणजे २३.८५ ग्रॅम घेतलं, तर ०.८५ चा वर्ग, ०.७२. वरचं ०.३६ इथूनच आलेलं आहे. उत्तर शुद्ध वजनापेक्षा कमी निघालं की तिथेच थांबायचं, तराजूपर्यंत जायचंच नाही.

तिसरी चूक जास्त फसवी. ‘१५ टक्के अशुद्ध आहे ना, मग १५ टक्के वाढवून घेऊ’ असं म्हणून ३२.२६ ग्रॅम घेतात. गुणोत्तर ०.९८ येतं आणि चूक हाताळणीतल्या फरकात खपून जाते. ९९ टक्के शुद्ध मालाला ही पद्धत चालल्यासारखी वाटते, म्हणूनच ती अंगवळणी पडते. ७० टक्क्यांच्या मालाला तीच लावली तर द्रावणाची मोलॅरिटी ९ टक्के कमी भरते.

स्फटिकजल, म्हणजे स्फटिकातच बांधलेलं पाणी, ही मात्र अशुद्धता नव्हे. निळ्या मोरचुदाच्या बाटलीवर ९९ टक्के लिहिलेलं असतं ते सहसा पाच पाण्यांसकटच्या रेणूचं, म्हणून रेणुभार २४९.६८ धरायचा. पाण्याशिवायचा १५९.६१ धरलात तर गुणोत्तर ०.६४ च्या आसपास येईल. लेबलवरचं सूत्र पूर्ण वाचा, ते पाणी तिथेच लिहिलेलं असतं.

संहत आम्लांच्या बाबतीत घनता विसरली जाते. एक लिटर १ मोलर सल्फ्युरिक आम्लाला ९८ टक्क्यांचं आम्ल सुमारे १०० ग्रॅम लागतं. घनता १.८४, म्हणजे ते भरतं जेमतेम ५४.४ मिलिलिटर. १०० मिलिलिटर ओतलं तर द्रावण १.८४ मोलर होतं, गुणोत्तर थेट घनतेइतकंच. आणि आम्ल पाण्यात ओतायचं, हळूहळू, ढवळत. पाणी आम्लात कधीच नाही.

गुणोत्तर यातल्या कशाशीच जुळत नसेल, समजा ०.९५ आलं, तर बाटलीकडे बघा. कडांना चिकटलेले, ओलसर दाणे दिसले तर लेबलवरचा आकडा आता खरा राहिलेला नाही. हायड्रॉक्साइड हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतं. शिवाय लेबलवर ‘किमान’ हा शब्द असेल तर तो आकडा फक्त खालची मर्यादा; त्या लॉटची नेमकी शुद्धता विश्लेषण प्रमाणपत्रात मिळते. अशा पदार्थाचं वजन कितीही काटेकोर केलं तरी खरी मोलॅरिटी प्रमाणीकरणानेच, म्हणजे नेमक्या वजनाच्या शुद्ध पदार्थाशी टायट्रेशन करूनच ठरते. वाळवलेलं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट २.०४ ग्रॅम घ्या, पाण्यात विरघळवून फिनॉल्फ्थॅलीन हा इंडिकेटर घाला, ०.५ मोलर द्रावण बरोबर असेल तर २० मिलिलिटरला फिका गुलाबी रंग टिकेल.

तराजूवर ३३.०१ चा हट्टही धरू नका. दाणा काढा-घाला करताना माल ओला होत जातो. ३३.२० ग्रॅम पडलं तर तेच लिहा, मापन चंबूत खुणेपर्यंत भरा आणि बाटलीवर ०.५०३ मोलर लिहून प्रमाणीकरणाला घ्या.