लाडक्या फुटबॉलपटूला स्टेडियममध्ये निरोप: कार्डांचं मोझेक आणि टाळ्यांचं मिनिट

खेळाडू गेल्यानंतरच्या पहिल्या घरच्या सामन्याला हाताशी बहुतेक वेळा थोडेच दिवस असतात. म्हणून मोझेकचा, म्हणजे प्रेक्षकांनी रंगीत कार्डं एकत्र उचलून स्टँडमध्ये उभ्या केलेल्या चित्राचा, मजकूर आधी छाटा. लिव्हरपूलचा फुटबॉलपटू डिओगो जोटा ३ जुलै २०२५ रोजी अपघातात गेला. १५ ऑगस्टला लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर मोझेकमध्ये त्याच्यासाठी ‘डीजे २०’ आणि त्याच अपघातात गेलेला भाऊ आंद्रे सिल्वा याच्यासाठी ‘एएस ३०’, म्हणजे आद्याक्षरं आणि जर्सी नंबर, एवढंच होतं. पूर्ण नाव, तारखा, चेहरा असं सगळं कार्डांत कोंबलं तर समोरच्या स्टँडमधून नुसता रंगांचा गोंधळ दिसतो. चेहरा हवाच असेल तर कापडी बॅनर करा.

क्लबची परवानगी आणि घरच्यांची संमती या दोन गोष्टी छपाईच्या आधी मिळवा. मग स्टँडच्या ज्या ब्लॉकमध्ये मोझेक होणार त्याचा आसन-नकाशा क्लबकडून घ्या आणि तरीही स्वतः जाऊन खुर्च्या मोजा. नकाशात न दिसणारे खांब, कॅमेऱ्याचे चौथरे आणि जिन्यांची तोंडं नेमकी आकड्याच्या मधोमध येतात. स्प्रेडशीटमध्ये एक खुर्ची म्हणजे एक चौकोन धरा. ३० रांगा आणि रांगेत ६० खुर्च्या असतील तर १,८०० चौकोन होतात. त्यात प्रत्येक अंक २४ रांगा उंच, १६ खुर्च्या रुंद, मध्ये ५ खुर्च्यांची फट आणि रेघेची जाडी ४ खुर्च्या ठेवली की दोन अंकी जर्सी नंबर ऐसपैस बसतो. रेघ दोन खुर्च्यांची केली तर एक रिकामी जागासुद्धा अंक तोडते.

फसगत होते ती प्रमाणात. स्प्रेडशीटमधला चौकोन स्टँडमध्ये चौकोन राहत नाही. उतार कमी असेल तर समोरून रांगा एकमेकींत दबलेल्या दिसतात आणि अंक बसका होतो. समोरच्या स्टँडमधून रिकाम्या ब्लॉकचा फोटो काढा, दहा खुर्च्यांची रुंदी आणि दहा रांगांची उंची त्यावर मोजा, आणि त्या प्रमाणात अंक उभा ताणा. रांगा पुरत नसतील तर अंकाची रुंदी कमी करा.

कार्ड ए३ आकाराचं, २५० ते ३०० जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप, ग्रॅम प्रति चौरस मीटर), दोन्ही बाजूंना एकच रंग. एकाच बाजूला रंग असला की काही जण हमखास उलटं धरतात. पाच टक्के जास्तीची छापा, म्हणजे वरच्या हिशेबाला सुमारे १,९००. पातळ कागद वाऱ्यात वाकतो. लॅमिनेशनची चमक दिव्यांत रंग खाते आणि तसं कार्ड भिरकावलं तर लागतंही, त्यामुळे ते नकोच.

कार्डं रांगेनुसार गठ्ठे बांधून आणा आणि गठ्ठ्यावर रांग व खुर्चीचे क्रमांक लिहा. प्रत्येक कार्ड खुर्चीच्या पाठीला टेपने चिकटवा. नुसतं बैठकीवर ठेवलं तर पहिल्या झुळकीत जिन्यावर जातं. दारं उघडण्याआधी समोरून एकदा पूर्ण ब्लॉक तपासा, चुकीच्या रंगाचा ठिपका लगेच डोळ्यांत भरतो.

कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सूचना छापा: कधी उचलायचं, दोन्ही हातांनी कडा धरून चेहऱ्यासमोर, आणि कधी खाली ठेवायचं. डोक्यावर उंच धरलं की मागच्या रांगेचं कार्ड झाकतं. सगळ्यांत मोठा शत्रू मोबाईल. एका हाताने शूटिंग सुरू झालं की दुसऱ्या हातातलं कार्ड तिरकं होतं, आणि अशी वीस-तीस कार्डं झाली की अंकाची कड विरघळते. क्लब नंतर फोटो देणार आहे हे घोषणेत आधीच सांगा आणि अंकांच्या कडेच्या खुर्च्यांवर आपले लोक बसवा. शेजारी रिकामी खुर्ची असेल तर त्यांनी दोन्ही हातांत एकेक कार्ड धरावं.

टाळ्यांसाठी जर्सी नंबराचं मिनिट निवडण्याची पद्धत रुळलेली आहे. १४ नंबरची जर्सी घालणारा डच फुटबॉलपटू योहान क्रायफ २४ मार्च २०१६ रोजी गेला आणि दुसऱ्याच दिवशी नेदरलँड्स-फ्रान्स मैत्रीपूर्ण सामना १४व्या मिनिटाला थांबवून टाळ्या झाल्या. २१ नंबरच्या दिवंगत दानी हार्केसाठी त्याच्या एस्पान्योल या स्पॅनिश क्लबचे चाहते २१व्या मिनिटाला टाळ्या वाजवतात. मात्र स्पर्धात्मक सामन्यात खेळ थांबेल असं गृहीत धरू नका. तो निर्णय रेफरीचा. घड्याळात १३:०० दिसलं की १४वं मिनिट सुरू होतं, त्यामुळे टाळ्या १३:०० ला की १४:०० ला हे नीट ठरवा, नाहीतर अर्धं स्टेडियम एका मिनिटाने मागे राहतं. पाहुण्या चाहत्यांच्या गटालाही हे आधी कळवा. नंबर १ असेल तर सामन्याआधीच टाळ्या घ्या, पहिल्या मिनिटाला लोक अजून जागा शोधत असतात.

सामन्याआधी मौन ठेवायचं की टाळ्या? गर्दीत हुल्लडीची शक्यता असेल तर टाळ्याच. एखाद-दुसरी आरोळी त्यांत बुडून जाते. मौनात तीच सगळीकडे ऐकू येते.

गेटबाहेर फुलं आणि स्कार्फ साचणारच. फुलांचं प्लॅस्टिक लगेच काढा, नाहीतर आत पाणी धरून ती सडतात. स्कार्फ आणि जर्सींजवळ मेणबत्त्या लावू देऊ नका. चिठ्ठ्या आणि शोकवही छपराखाली ठेवा. पेनाची शाई पाण्यात पसरणारी नको. सगळं कधी उचलणार त्याची तारीख तिथेच फलकावर लिहा, म्हणजे कुणाला आपली वस्तू कचऱ्यात गेली असं वाटत नाही. उचलल्यावर स्कार्फ पूर्ण वाळवूनच खोक्यात भरा, ओलसर लोकरीला बुरशी लवकर धरते. चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटांत घालून घरच्यांना विचारा, त्यांना कधी आणि किती हव्यात.