ॲल्युमिनियम इंजिनचे हेड बोल्ट: जाडजूड नको, बरोबर हवा

हेड (इंजिनच्या ब्लॉकवरचा, बोल्टने आवळलेला वरचा भाग) उतरवलंय, फेसिंग करून (म्हणजे खालची बाजू सपाट करून) आलंय, मधली गॅस्केट नवीन आणलीय आणि आता प्रश्न एकच, जुने बोल्ट चालतील का. आधी मॅन्युअल बघा. टॉर्कचा (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा) आकडा देऊन पुढे "आता ९० डिग्री फिरवा" असं काही लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा ते ताणून बसणारे बोल्ट असतात, एकदा ताणले की पूर्ण मूळ लांबीला येत नाहीत, सरळ नवीन घ्या. काही कंपन्या लांबीची किंवा आट्यांजवळच्या जाडीची लिमिट देतात, तिथे व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून ठरवा. नुसत्या डोळ्यांनी कळत नाही हो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. हार्डवेअरच्या दुकानातून १२.९ ग्रेडचे (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा आकडा) ॲलन बोल्ट आणायचे, का तर "स्ट्राँग आहेत". हेड बोल्ट म्हणजे खरंतर एक कडक स्प्रिंग आहे, त्याचं काम ताणून राहायचं. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, १०० एमएम लांबीत ८० डिग्री वाढली तर ॲल्युमिनियम साधारण ०.१८ एमएम वाढणार आणि स्टील ०.०९ च्या आसपास, म्हणजे गरम इंजिनमध्ये बोल्टवरचा ताण अजून वाढतो आणि गार झालं की उतरतो, रोज हेच. म्हणून बऱ्याच हेड बोल्टची दांडी मधे मुद्दाम बारीक ठेवलेली असते, तिथे जाड आखूड बोल्ट ठोकला तर तो ताणत नाही, आणि ब्लॉकपण ॲल्युमिनियमचा असेल (अल्टो के१० चं के सीरीज इंजिन घ्या) तर आटेच उपटून येतात.

स्टेनलेसचा तर विचारही नको. गंजत नाही हे खरं, पण नेहमीचा ए२-७० ग्रेडचा स्टेनलेस बोल्ट साधारण ४५० मेगापास्कल ताणाला कायमचा ताणला जातो आणि १०.९ ग्रेडचा स्टीलचा बोल्ट ९०० ला. निम्मा!

घेताना इंजिन नंबर सांगूनच मागा, पुण्याच्या नाना पेठेत जा नाहीतर कुठेही जा, आणि जुना बोल्ट खिशात ठेवा. दांडीची लांबी, आट्यांची लांबी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) हे सगळं जुळवा. १० एमएममध्ये १.२५ आणि १.५ असे दोन्ही पिच मिळतात, चुकीचा बोल्ट एकदोन फेरे जातोपण आणि मग पाना लावला की आटे गेले. वॉशर सुटा असेल तर तोही तसाच कडक हवा, साधा मऊ वॉशर दबतो आणि टॉर्क खोटा निघतो. सगळे बोल्ट एकाच सेटचे घ्या, चार जुने सहा नवे असला प्रकार नको.

बसवायच्या आधी भोकं साफ करा. मी एकदा आळस केला आणि भोकात कूलंट राहिलं, बोल्ट आवळताना ते खाली दाबलं जातं, जायला जागा नसते, नशीब ब्लॉक फुटला नाही. टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालू नका, तो ॲल्युमिनियम खरवडतो, जुन्या बोल्टला उभी खाच पाडून तोच हाताने फिरवा आणि मग हवा मारा. डोळ्यांवर चष्मा घालून, कारण ते सगळं थेट तोंडावर येतं. आट्यांना तेल लावायचं की कोरडं ठेवायचं हे मॅन्युअल सांगेल तसंच.